आणखी काही?

मोजकं आणि नेमकं बोलायला मला रासायनिक कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसांनी शिकवलं. आमचं घर रसायनीतलं, बाबा ऑपरेटर. पाळी बदलते तेव्हा जाणारा आणि येणारा पाच-दहा मिनिटं समोरासमोर उभे राहतात. याला चार्ज देणं म्हणतात. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि तो आला की सगळं त्याच्या कानावर घातल्याशिवाय गेटबाहेर पडायचं नाही, असा नियम. लॉगबुकात सगळं लिहिलेलं असतंच. तरीही तोंडाने सांगावं लागतं.

बाबा ते आम्हाला जसंच्या तसं करून दाखवत. "दोन नंबर पंप बंद. मेंटेनन्सला दिलाय, परमिट ओपन आहे. टाकीची लेव्हल साठ टक्के." मग रिलीव्हर तेच परत म्हणणार, "दोन नंबर बंद, परमिट ओपन, लेव्हल साठ." चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त व्हायचं. सगळं सांगून झालं की रिलीव्हरने विचारायचं, "आणखी काही?" आणि विचारून गप्प उभं राहायचं. बाबांच्या मते चार्ज घेण्यातलं खरं कसब इथेच होतं. विचारता विचारता जो हेल्मेटचा पट्टा आवळून निघायला लागतो, त्याला समोरचा "नाही, बाकी ठीक" म्हणून वाटेला लावतो. जो थांबतो, त्याला कधी कधी जरा वेळाने ऐकायला मिळतं, "तसं काही नाही. पण तीन नंबरचा आवाज आज जरा जड येतोय." हे लॉगबुकात येत नाही, कारण त्याला आकडा नसतो. कानाला लागलेली नुसती शंका असते, आणि समोरचा घाईत दिसला की माणूस आपली शंका गिळून टाकतो.

अशी माहिती अध्येमध्ये राहून गेली तर काय होतं, याचा दाखला उत्तर समुद्रातला आहे. ६ जुलै १९८८ च्या रात्री 'पायपर अल्फा' या तेल आणि वायू काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. रात्रपाळीला त्याचा पत्ता नव्हता. चालू पंप बंद पडल्यावर त्यांनी हा दुसरा पंप सुरू केला. लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल १९९० मध्ये आला. परमिटच्या ढिसाळ पद्धतीवर आणि पाळी बदलताना न पोचलेल्या माहितीवर त्यात स्पष्ट बोट ठेवलेलं आहे. यंत्रं, गेज, कागद सगळं असूनही एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जायचं ते वाक्य गेलं नाही.

रसायनी तशी आवाजाचीच वस्ती. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी घाटावरून खाली उतरून वीज देतं आणि पुढे पाताळगंगेला मिळतं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. त्या पाण्याच्या भरवशावर इथे कारखाने आले. १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स, नदीकाठचा रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना. कॉम्प्रेसरच्या घरघरीत आयुष्य काढलेल्या माणसांचा आवाज घरीही चढाच असायचा. मोहोपाड्याच्या बाजारात दोन जुने कामगार भेटले की लांबून वाटावं, यांचं काहीतरी बिनसलंय. २०१७ मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिकचे इथले न परवडणारे प्लांट बंद करायचं ठरवलं. 

बाबा आता निवृत्त आहेत. त्यांचा एक जुना रिलीव्हर संध्याकाळी घरी येतो. दोघं गॅलरीत बसतात. गप्पा दहा मिनिटांच्या, बसणं तासाभराचं. घरात नवीन आलेल्या पाहुण्याला ते बघून अवघडायला होतं; त्याला वाटतं, आपण काहीतरी विषय काढायला हवा. त्या दोघांना तसं मुळीच वाटत नाही. सांगण्यासारखं असेल ते सांगितलं जाईल आणि समोरचा ते पूर्ण ऐकून घेईल, हा विश्वास त्यांनी आयुष्यभर चार्ज देत-घेत कमावलेला आहे.

त्यांच्याकडे बघून मला एक गोष्ट पटत गेली. माणूस पहिलं वाक्य रीतीचं बोलतो, मनातलं असतं ते दुसरं. "मुलगी काय म्हणते?" "बरी आहे की." इथे आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो, नाहीतर आपल्या मुलीचं सुरू करतो, आणि तो विषय तिथेच मिटतो. जरा थांबलं, चेहऱ्याकडे बघत राहिलं, तर ती बाई स्वतःहून म्हणते, "बरी म्हणजे काय, हल्ली फोन कमी करते." आपण तिच्याकडे गेलो होतो ते या दुसऱ्या वाक्यासाठी. संभाषणात गप्प राहायला शिकायचं ते या दुसऱ्या वाक्याला वाट मिळावी म्हणून. आपल्या मनाला शांती मिळते, लोक आपल्याला धीरगंभीर समजतात, हे झालं तर झालं. तो हेतू नव्हे.

मग आपल्याच्याने थांबवत का नाही? याची मुळं खोल आहेत. जपानी, कोरियन, डॅनिश, लाओ अशा दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांत सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, असं त्यात दिसलं. भाषा बदलली तरी फरक थोडाच. एवढ्या वेळात वाक्य जुळवणं शक्य नसतं, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपल्या उत्तराच्या तयारीला लागलेले असतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. रंगात आलेल्या गप्पांमध्ये अवघी चार सेकंदांची शांतता पडली, तरी माणसांना आपण या घोळक्यातून बाहेर पडलो, असं वाटायला लागतं. म्हणजे ती अस्वस्थता आपल्या एकट्याची नाही. चारचौघांत नकोसं होण्याची भीती माणसाच्या हाडीमाशी आहे आणि शांततेत ती डोकं वर काढते. एवढं कळलं तरी पुढच्या वेळी ती चार सेकंदं जरा सुसह्य होतात. कुणी रागावलेलं नसतं. कुणीतरी विचार करत असतं, इतकंच.

मी शाळेत शिकवते, आणि या गोष्टीचा माझ्या कामाशी फार जवळचा संबंध आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गावर्गात जाऊन शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजलं. बहुतेक जण एक सेकंदही थांबत नव्हते. त्यांना तीन सेकंद किंवा जास्त थांबायला सांगितलं, तर मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली. आमच्या वर्गात आजूबाजूच्या वाड्यांवरून येणारी ठाकर आणि कातकरी मुलं असतात. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. पुढच्या बाकावरचे हात प्रश्न संपायच्या आत वर असतात, आणि या मुलांचं उत्तर अजून एका बोलीतून दुसरीत यायचं असतं.

एकदा मी विचारलं, पाऊस जवळ आला हे कसं ओळखायचं? ढग येतात, वीज चमकते, वारा सुटतो, अशी उत्तरं धडाधड आली. मागच्या भिंतीजवळची एक मुलगी बोटाने बाकावरची रेघ गिरवत होती. मी फळ्याकडे वळले नाही, दुसरा प्रश्न विचारला नाही, तिच्याकडे बघत उभी राहिले. वर्गात चुळबुळ झाली, एकजण "मॅडम, मी सांगू?" म्हणाला, त्याला हातानेच थांबवलं. मग ती म्हणाली, "मुंग्या अंडी वर नेतात." पुन्हा थांबली. मीही थांबले. "आजी म्हणते, मुंग्या अंडी तोंडात धरून चढायला लागल्या की घर शाकारून घ्यायचं." त्या दिवशीच्या धड्यात नव्हतं असं काहीतरी सगळ्या वर्गाला मिळालं. ती उत्तर देणार नाही, असं धरून मी पुढे गेले असते, तर आपल्याकडे सांगण्याजोगं काही नाही, हे मात्र ती त्या तासाला शिकली असती.

शांततेत मोकळं कसं व्हायचं, असं कुणी विचारलं तर मी आधी म्हणेन, हाताला काम द्या. आमच्याकडे वालाचं बिरडं सोलायला बायका बसतात तेव्हाचं बघावं. वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड काढलेले. कोमट पाण्यात टाकले की साल सैल होते, मग अंगठा आणि बोट यांच्यात धरून हलकंच दाबायचं, दाणा सुटून परातीत पडतो आणि साल बोटांत राहते. किलोभर वाल सोलायला चांगला वेळ जातो. सगळ्यांच्या नजरा परातीकडे. कुणी बोललं नाही तरी कुणाला टोचत नाही, कारण काम चाललेलंच असतं. आणि नेमक्या अशाच वेळी एखादी नवी सून, जिने महिन्याभरात तोंड उघडलेलं नसतं, खाली बघत म्हणते, "मला इथे रात्री झोप लागत नाही." समोरासमोर बसवून "काय गं, काही त्रास आहे का?" विचारलं असतं तर ती नक्की "नाही" म्हणाली असती. शेजारी चालत जाणं, गाडीत मागेपुढे बसणं, भांडी घासून-पुसून ठेवणं, या सगळ्याचा गुण हाच. नजर मोकळी राहते आणि शांतता कुणाच्या अंगावर येत नाही.

दुःखापुढे मात्र ही सगळी तयारी कसाला लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यात, चौकच्या वर, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २३ तारखेला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. वर गाडीरस्ता नव्हता. पाऊस-चिखलात माणसं पायवाटेने चढत होती आणि हातांनी माती उपसत होती. वाचलेल्यांपुढे मात्र माइक लगेच आले. ज्यांना काय घडलंय तेच अजून उमगलेलं नव्हतं, त्यांना काय वाटतंय ते विचारलं जात होतं. त्या दिवसांत टीव्ही बघताना मला प्रकर्षाने जाणवलं, की दुःखात असलेल्या माणसाकडे उत्तर मागणं हाही एक प्रकारचा धसमुसळेपणा आहे.

आपल्या गावांना यापेक्षा चांगली रीत माहीत आहे. समाचाराला जाणं ती रीत. आमच्या शेजारी एक तरुण मुलगा गेला तेव्हा माणसं येत होती आणि जी वाक्यं आपण सगळेच म्हणतो ती म्हणत होती. देवाच्या मनात होतं, धीर धरा, धाकट्याकडे बघा. मागच्या गल्लीतल्या एक काकू मात्र आल्या त्या सरळ आत गेल्या, रिकामी कळशी भरून ठेवली, आणि त्या मुलाच्या आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. दुपार उलटली. काकूंनी एक शब्द काढला नाही. केव्हातरी ती आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्याला आमटीत कोकम जास्त लागायचं." काकू म्हणाल्या, "हो." बस्स. मग ती बोलत राहिली, त्याच्या शाळेचं, त्याच्या सायकलचं, संध्याकाळपर्यंत. धीर धरा म्हणणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, पण त्यांच्या प्रत्येक वाक्यात दुःख लवकर आटपण्याची एक विनंती होती. काकूंनी तसं काहीच मागितलं नाही.

मौनाचा विषय निघाला की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला विनोबा आठवतात. रसायनीहून पेणच्या अंगाला गेलं की गागोदे लागतं. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा तिथे जन्मले, त्यांचं लहानपण तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी गेलं. खरं तर आयुष्यभर बोलत राहिलेला हा माणूस. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलले. साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. बोलणाऱ्याइतकंच हे ऐकणाऱ्याचंही पुस्तक आहे, असं मला नेहमी वाटतं. पुढे १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षं पायी फिरताना ते गावोगावी बोलले. आणि २५ डिसेंबर १९७४ ला त्यांनी पवनारला वर्षभराचं मौन घेतलं.

त्या वर्षाच्या मध्यावर, २५ जून १९७५ ला देशात आणीबाणी आली. मौनात असलेल्या विनोबांनी 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द दिले, आणि सरकारने ते आणीबाणीच्या समर्थनासाठी सर्वत्र झळकवले. मौन सुटल्यावर त्यांनी उलगडून सांगितलं, की त्यांच्या मनात आचार्यांचं अनुशासन होतं, सत्तेचं नव्हे. तोवर त्या शब्दांनी करायचं ते काम करून टाकलेलं होतं. विनोबांविषयीच्या पूर्ण आदराने मी या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा वळते. मौन रिकामं राहत नाही, हे त्यातून कळतं. ज्याच्या हातात जोर असतो तो त्यात आपला अर्थ भरतो. एकमेकांवर विश्वास असलेल्या दोघांमधली शांतता दुसऱ्याला जागा करून देते. बळवंत आणि दुबळा यांच्यामधली शांतता बहुतेक वेळा बळवंताच्या खात्यावर जमा होते.

विनोबा ज्या गीतेवर बोलले, तिच्या सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार येतात. वाणीच्या तपात चार गोष्टी सांगितल्या आहेत. बोलणं कुणाला उद्वेग देणारं नसावं, खरं असावं, प्रिय असावं, हिताचं असावं. आणि जोडीला स्वाध्याय. मौनाचा उल्लेख तिथे नाही. तो पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात आहे. ही मांडणी मला अगदी अचूक वाटते. तोंड मिटलेलं असताना मनात उत्तराची जुळवाजुळव चालू असेल, तर समोरच्याला ती कळते. डोळ्यांतून, मान डोलावण्याच्या घाईतून कळते. अबोला धरलेल्या माणसाचंही तेच. घरात आठ-आठ दिवस अबोला धरून बसणारा गप्प असतो, पण त्या गप्प बसण्यातून तो सतत दुसऱ्याला शिक्षा सुनावत असतो. बोलणं थांबवणं सोपं. मनातली आपली बाजू थोडा वेळ खाली ठेवणं हे तप.

म्हणून गप्प बसणं म्हणजे सद्गुण, असं मी मुलांना कधी शिकवत नाही. आमच्या पट्ट्यात तर ते शिकवणं धोक्याचं आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. मांडव घालतात, जिल्हा प्रशासनाचे अधिकारी बसतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं असतात, कंपनीचं सादरीकरण होतं, आणि गावकऱ्यांना विचारलं जातं, कुणाला काही म्हणायचंय का? तिथे जो बोलतो तेवढंच इतिवृत्तात जातं. नदीचं पाणी आपल्या शेताला लागतं, आपल्या गुरांना लागतं, हे ज्याने बघितलंय तो माणूस मागे उभा राहून गप्प घरी गेला, तर कागदावर त्याची हरकत नव्हती असंच उमटतं. तिथे बोललं पाहिजे, तयारी करून, आकडे घेऊन, आवाज न थरथरता बोललं पाहिजे. आणि विचारणाऱ्यांनी प्रश्न टाकून घड्याळाकडे न बघता थांबलं पाहिजे. बोलायची सवय नसलेल्या माणसाला माइकपर्यंत यायला वेळ लागतो.

आपल्या शाळांमध्ये वक्तृत्व स्पर्धांना तोटा नाही. पाच मिनिटं, घंटा, टाळ्या, ढाल. भाषेच्या अभ्यासक्रमात श्रवण हे कौशल्य भाषणाच्याही आधी लिहिलेलं असतं, पण त्याची ढाल कुणी ठेवलेली मी बघितली नाही. वर्गात आम्ही एक साधी गोष्ट करतो. मुलं जोडीने बसतात. एकाने सांगायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं, आणि मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. सांगणाऱ्याने "हो, असंच" म्हटलं तरच झालं, नाहीतर पुन्हा. सुरुवातीला मुलं हसतात, गडबडतात, आपलंच काहीतरी घुसडतात. हळूहळू स्थिरावतात. आपलं बोलणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं, हा अनुभव त्यांतल्या काहींना पहिल्यांदाच मिळत असतो, आणि तो मिळालेलं मूल बदलतं. ते नंतर हात वर करायला लागतं. मोठेपणी ते मांडवात उभं राहून आपल्या नदीबद्दल बोलेल, आणि दुसरा बोलायला उठला की त्याचं संपेपर्यंत थांबेलही, अशी माझी आशा आहे.